लागणार नाही

अहमदपुरात गफूरभाईबद्दल आता दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, त्यानं चुंबकगाडीवाल्यांच्या नादी लागून भोंग्यावरून शेतकऱ्यांना खोटं सांगितलं. दुसरी, तो स्वतःच्या हट्टापायी मेला. पहिली गोष्ट साफ खोटी आहे. दुसरी अर्धीच खरी आहे. हे खात्रीनं सांगू शकेल असा माणूस आता मी एकटाच उरलो आहे, आणि माझं वय पाहता फार दिवस उरेन असंही नाही.

गफूरभाई पुकारा करायचा. तीनचाकी रिक्षा, टपावर एकमेकांकडे पाठ करून बांधलेले दोन भोंगे, मागच्या सीटवर मशीन आणि बॅटरी, आणि पुढे एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माईक धरलेला गफूरभाई. आठवडी बाजार, नळाला पाणी न येण्याचा दिवस, हरवलेली म्हैस, सापडलेलं मूल, डोळे तपासणीचं शिबिर, कुणाची मयत. तालुक्यात जे काही चारचौघांना कळायला हवं ते त्याच्या तोंडून कळायचं.

माणूस नटवा होता. दाढीला मेंदी, कडक इस्त्रीचा पठाणी, कानात अत्तराचा फाया. मी एकदा त्याला म्हणालो, "भोंग्यातून चेहरा दिसतो का रे? एवढं नटून कुणासाठी?"

"गुरुजी, मानूस नटला का आवाजबी नटतो," तो म्हणाला. "नांदेडपासून लातूरपर्यंत फिरून या. असा आवाज घावला तर मला सांगा, मी रिक्षा विकून टाकतो."

हे तो गमतीनं म्हणायचा नाही. आवाजाची त्याला घमेंड होती. श्रीमंताच्या दुकानाचा पुकारा तो जास्त पैसे घेऊन करायचा आणि दुकानदारानं कुरकुर केली तर म्हणायचा, "मग तुमी वरडा." मयतीचा आणि हरवलेल्या मुलाचा पुकारा मात्र फुकट. त्याबद्दल कुणी आभार मानले तर त्याला राग यायचा.

त्याचं शिक्षण उर्दूत, तेही चौथीपर्यंत. मराठी अक्षर लावून लावून वाचायचा, पण पुकाऱ्याचा कागद तो हातात धरतच नसे. "कागद हातात आला का आवाज कागदाचा होतो," असं त्याचं म्हणणं. म्हणून मजकूर घ्यायला तो माझ्या ओसरीवर यायचा. मी अहमदपूरच्या शाळेत मराठी शिकवायचो, नंतर निवृत्त झालो. मी तोंडी सांगायचो, तो भिंतीकडे तोंड करून म्हणून बघायचा, मग वळायचा आणि तक्रार करायचा.

"यातला 'तथापि' काढा."

"का? चांगला शब्द आहे."

"तथापि ऐकला का बाया घरात निघून जातात. त्यास्नी वाटतं सरकारी काम हाय."

मी 'तथापि' काढायचो. अशी आमची वर्षानुवर्षांची शिकवणी होती. कोण कोणाला शिकवतो हे आम्ही दोघांनीही कधी ठरवलं नाही.

लोकांचा त्याच्या आवाजावर विश्वास बसला तो किल्लारीच्या भूकंपात. तेव्हा तो पोरसवदा होता, मामाच्या जीपवर माईक धरायचा. भूकंपानंतर ती जीप तिकडे नेली होती, आणि ढिगाऱ्यातून वाचलेली, एकमेकांपासून तुटलेली माणसं शोधायला त्याला नावं पुकारायला लावली होती. त्याबद्दल तो फार बोलायचा नाही. एकदाच बोलला, मी वर्गात हजेरी कशी घेतो यावरून विषय निघाला तेव्हा.

"नाव हाक मारल्यासारखं घ्यायचं, गुरुजी. हजेरी घेतल्यासारखं न्हाई," तो म्हणाला. "तिथं एक बाई बसून होती पत्र्याच्या शेडात. बोलत नव्हती, खात नव्हती. बाकीचे लोक तिच्या नवऱ्याचं नाव यादीसारखं घेत व्हते. मी घेतलं तसं, जसं ती रानातून त्याला जेवायला हाक मारत असंल. ती उठून उभी राहिली. मला वाटलं आता ओ देईल."

"मग?"

"मग काय. नवरा नव्हताच. पन ती रडली. तवर रडली नव्हती."

किल्लारीनं त्याला आणखी एक गोष्ट दिली होती. जमिनीतून येणाऱ्या आवाजाची भीती. आमच्याकडे अधूनमधून जमिनीखाली गुरगुर होते. लोक दारात येतात, एकमेकांकडे बघतात, पुन्हा आत जातात. गफूरभाई आत जायचा नाही. उघड्यावर, रिक्षाशेजारी, चटईवर झोपायचा, दोन-तीन रात्री.

आणि त्याचा एक नियम होता: बघितल्याशिवाय पुकारायचं नाही. एका वर्षी बाजाराच्या मैदानात सर्कस उतरली होती. मालक म्हणाला, पुकार, खतरनाक वाघ. गफूरभाई म्हणाला, वाघ दाखवा. पिंजऱ्यात एक वाघ होता खरा, पण दात पडलेला, एका डोळ्यात फूल पडलेला. गफूरभाईनं दिवसभर गावात पुकारा केला: "म्हातारा वाघ बघा. लई फिरलेला, लई थकलेला, आता शेवटचा खेळ करून राहिलाय." मालक मारायला धावला. संध्याकाळी तंबूत जागा उरली नाही. बायका वाघासाठी मटण घेऊन आल्या होत्या.

तर असा हा माणूस. यानं खोटा पुकारा केला असं म्हणतात.

चुंबकगाडीचे साहेब आले तेव्हा मी निवृत्त होतो आणि थोरला मुलगा बी.एड. होऊन घरी बसला होता. साहेब तरुण, पुण्याकडचे, फार गोड बोलणारे. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्या नावाची पाटीही आता कुठे दिसत नाही. नांदेड ते लातूर अशी गाडी आणायची त्यांची योजना होती, जी चाकांवर नव्हे तर लोहचुंबकाच्या जोरावर, रुळाच्या वर तरंगत धावणार होती. दोन शहरांतलं अंतर चहा गार व्हायच्या आत कापलं जाईल, असं ते म्हणायचे. मार्गातल्या गावांतून संमतीच्या कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या. त्यासाठी मराठीत मजकूर हवा होता आणि पुकारणारा हवा होता. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. मी गफूरभाईचं सांगितलं.

माझ्या ओसरीवर गफूरभाईनं नेहमीप्रमाणे म्हटलं, "गाडी दाखवा."

साहेब हसले. त्यांनी बॅगेतून एक खेळणं काढलं. लाकडी ठोकळ्यात उभी पेन्सिल, तिच्यात ओवलेल्या दोन काळ्या चकत्या. खालची चकती ठोकळ्यावर बसलेली, वरची तिच्यापासून बोटभर वर, हवेत. गफूरभाईनं वरची चकती दाबली. सोडली. ती परत वर आली, थोडी थरथरली आणि थांबली.

"मधी काय हाय?"

"काही नाही," साहेब म्हणाले.

"काही न्हाई, त्याच्यावर गाडी चालनार?"

"हो."

तो पुन्हा पुन्हा चकती दाबत राहिला. त्याचं हसू हळूहळू गेलं. "हे काही न्हाई लई ताकदीचं हाय, साहेब," तो म्हणाला. "बोटाला ढकलतंय."

साहेबांनी ते खेळणं त्याला देऊन टाकलं. त्यानं ते रिक्षात, हँडलपुढच्या फळीवर चिकटवलं. रिक्षा चालू असली की वरची चकती थरथरत राहायची आणि कधी खाली टेकायची नाही.

मग मी मजकूर सांगितला. मधलं वाक्य असं होतं: "ही गाडी जमिनीला लागणार नाही, जमिनीपासून वर, अधांतरी धावेल."

गफूरभाई भिंतीकडे वळला, दोनदा म्हणाला आणि वळून उभा राहिला.

"गुरुजी, हे 'जमिनीला लागणार न्हाई' नको. भोंग्यात 'ला' गिळला जातो. तिकडं रानात ऐकू जाईल, जमीन लागणार न्हाई."

मी साहेबांकडे बघितलं.

"टेकनार न्हाई म्हनू का?"

साहेब मोबाइलवर काहीतरी बघत होते. मान वर न करता म्हणाले, "लागणार नाही हेच राहू द्या. कानाला गोड वाटतं."

"जमीन जानार हाय का पन, गुरुजी?" गफूरभाईनं मला विचारलं. साहेबांना नाही, मला.

जमीन जाणार होती. खांबांखालची तर जाणारच, दोन्ही अंगांची पट्टीही जाणार होती. साहेबांनी मला ते आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. त्याच बोलण्यात, माझ्या मुलाचं स्टेशनच्या कामात कुठेतरी बघू, असंही ते म्हणाले होते.

मी म्हणालो, "गाडी वरून जाणार आहे, गफूर. वाक्य व्याकरणानं बरोबर आहे. म्हण तसंच."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमी म्हनता तर बरोबर असंल," आणि माईक उचलून निघून गेला. त्या दिवशी कागद नव्हता. नेहमीच नसायचा. म्हणून त्या ओसरीवर काय बोलणं झालं याचा पुरावा कुठेच नाही. साहेब कुठे आहेत ठाऊक नाही.

त्यानं गावोगाव पुकारा केला. नायगावच्या बाजूनं येणारे लोकही सांगायचे की ऐकला. त्यानं 'ला' वर जोर दिला, हे मी स्वतःच्या कानानं ऐकलं आहे. आमच्या गल्लीतून जाताना तो "जमिनी-ला" असं तोडून म्हणत होता. पण रानात वारा असतो आणि माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. गफूरभाई म्हणाला जमीन लागणार नाही, एवढंच लोकांनी ऐकलं, आणि गफूरभाई म्हणाला म्हणून विचारलं नाही. सह्या झाल्या, अंगठे झाले.

पुढे शेतांत पिवळे दगड रोवले गेले. तुरीत, सोयाबीनमध्ये, विहिरीच्या कडेला, सरळ रेषेत. एका दगडाला कुणीतरी शेंदूर लावला. मग त्याच्याजवळ कुणी नांगर नेईना. कोणता देव आहे हे मात्र कुणी सांगू शकत नव्हतं. नांदेड-लातूर रस्त्याला लागून शिंदाळवाडीची पाटी आहे, म्हणजे गावाकडे फाटा फुटतो ती जागा. तिथं नमुन्याचा म्हणून एक खांब उभा केला. दोन मजल्यांहून उंच, डोक्यावर पसरट, काँक्रीटचा. त्याच्या अलीकडे खांब नाही, पलीकडे नाही. काळ्या रानात तो एकटा उभा होता. वारा सुटला की त्याच्या माथ्यावरच्या सळयांतून घूं असा आवाज यायचा, आणि वासरं त्या बाजूला चरायला जायची नाहीत.

आणि मग काही झालं नाही. गाडी येणार हे सांगायला भोंगा होता. गाडी येणार नाही हे सांगायला कुणीच आलं नाही. साहेबांचा नंबर लागेनासा झाला. पण सातबाऱ्यावर इतर हक्कांत जी ओळ चढली होती ती चढलेलीच राहिली. त्या जमिनी विकता येईनात, वाटून घेता येईनात. येणार नसलेल्या गाडीनं जमीन धरून ठेवली होती.

शिंदाळवाडीचे व्यंकटराव आणि त्यांचा धाकटा भाऊ यांची वाटणी त्या ओळीमुळे अडली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. खांबाच्या सावलीत रुक्मिणबाईनं चहाची टपरी टाकली होती. एका दुपारी आम्ही तिथं चहा पीत होतो, मी आणि गफूरभाई. व्यंकटराव समोर येऊन उभे राहिले.

"गफूर, तूच म्हनला व्हतास ना, जमीन लागणार न्हाई?"

"मी जमिनीला म्हनलो, दादा."

"ला? मंग ला कुठं गेला?"

"वाऱ्यानं नेला."

बाकड्यावरचे सगळे हसले. व्यंकटराव हसले नाहीत. "वाऱ्यानं न्यायला तो काय तुझ्या बापाचा व्हता?" ते म्हणाले. "तुला म्हाइती व्हतं का न्हाई एवढंच सांग."

गफूरभाईनं माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं. कपात चहा उरलेला नव्हता, तरी मी तो तोंडाला लावला.

"आवाज माझा व्हता," गफूरभाई म्हणाला.

परत येताना रिक्षात मी त्याला विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस. तो चिडला. "लोकांनी गुरुजीला ऐकलं का? गफूरला ऐकलं. माझ्या आवाजात दुसऱ्याचं नाव कशाला मिसळू?" घमेंडच होती ती. पण मी तिच्याआड लपलो, आणि त्यालाही ते दिसत होतं.

त्या दिवसापासून त्याचं नाव 'लागणार न्हाई' पडलं. रिक्षा दिसली की पोरं ओरडायची, मग मोठेही ओरडू लागले. नळाला पाणी येणार नाही असा पुकारा केला की कोपऱ्यावरून कुणीतरी म्हणायचं, "लागणार न्हाई," आणि बायका हंडे न भरता हसायच्या. पुढाऱ्यांनी मेमरी कार्डावरचे आवाज लावलेल्या गाड्या आणल्या. यातलं काही त्यानं मनाला लावून घेतलं नाही. त्याला लागलं ते वेगळंच.

गावातल्या एका वखारवाल्याची मयत त्यानं पुकारली. मेलेल्याचा मेहुणा बाजारात होता. त्यानं ऐकलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, लागणार न्हाईचं काय ऐकतो. खात्री करून घ्यायला त्यानं फोन लावला, तो कुणी उचलला नाही. तो पोचला तेव्हा माती देऊन लोक परतत होते. त्यानंतर मशिदीच्या कमिटीतल्या बुजुर्गांनी गफूरभाईला बोलावून समजावलं, आता तू आराम कर, मयतीचं आम्ही बघू.

तो संध्याकाळी माझ्याकडे आला. पठाणी चुरगळलेला होता. त्याला तसं मी प्रथमच पाहत होतो.

"मेलेल्यालाबी आता माझा भरवसा न्हाई, गुरुजी," तो म्हणाला.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मुलगा तोवर स्वतःच्या जोरावर लातूरला नोकरीला लागला होता, साहेबांची भीड उरली नव्हती, काही जाणार नव्हतं माझं. फक्त रस्त्यानं जाताना लोक 'गुरुजी, नमस्कार' म्हणतात ते जाणार होतं. ते मी जाऊ दिलं नाही.

खांबाकडे त्याचं लक्ष कधी गेलं ठाऊक नाही. काम कमी झाल्यावर तो तासन्‌तास पाटीवर रिक्षा लावून बसायचा. एका उन्हाळ्यात काळं रान भेगाळलं तेव्हा खांबाच्या बुडाशी एक भेग पडली. त्यानं तिच्यात एक नटबोल्ट टाकला. "खाली गेलेला ऐकू येतो," तो मला सांगत होता, "थांबलेला ऐकू येत न्हाई." पुढच्या पावसाळ्यात ती भेग पाणी पिऊन मिटली, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे खांब टपरीच्या बाजूला कलला. मला तो सरळच दिसायचा. इतरांनाही. गफूरभाई जमिनीला कान लावून बसायचा आणि म्हणायचा, तोच आवाज हाय, किल्लारीचा.

त्यानं भोंगा लावला. "शिंदाळवाडी पाटीवर खांबाखाली थांबू नका. खांब पडायला आलाय. माणसाला लागंल." रस्त्याच्या पलीकडून उत्तर आलं, "लागणार न्हाई." सगळी पाटी हसली. पुढे तो रोज पुकारायचा आणि रोज तेच उत्तर यायचं. जत्रेतल्या खेळासारखं झालं होतं, एस.टी.तले प्रवासीसुद्धा खिडकीतून ओरडायचे. त्यानं तहसीलमध्ये जाऊन सांगितलं. तिथल्या शिपायानं विचारलं, "कोन, लागणार न्हाई का?" आणि त्याला बाकावर बसवून ठेवलं.

शेवटी तो माझ्याकडे आला. परतीचा पाऊस लागला होता. ओसरीवर न बसता उभ्यानं म्हणाला, "गुरुजी, तुमी चला पाटीवर. तुमी सांगा. तुमचं ऐकतील."

"अरे, मी काय इंजिनियर आहे का?"

"इंजिनियर नको. ज्याचं ऐकतात असा मानूस पायजे." मग थांबून, दुसरीकडे बघत तो म्हणाला, "आनी आधी त्या 'ला'चं सांगा. ते सांगितल्याबिगर माझा आवाज मला परत मिळनार न्हाई. आवाज मिळाला तर रुक्मिनबाई टपरी हलवंल."

एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, पावसात गुडघे धरतात रे. परवा मला डोळ्यांसाठी लातूरला जायचंय. आल्यावर जाऊ.

"आल्यावर," तो म्हणाला. त्यानं ते वाक्य भिंतीकडे तोंड करून, मजकूर घोकल्यासारखं पुन्हा एकदा म्हटलं, आणि गेला.

पुढचं मला रुक्मिणबाईनं सांगितलं. मी लातूरला गेलो त्याच दिवशीचं.

"पाऊस उघडला व्हता," ती म्हणाली. "गफूरभाऊ आला, म्हनला, भाबी, उठा, भायेर या. मी म्हनलं, लागणार न्हाई. रोजचंच झालतं ना आमचं. तो हसला न्हाई. मी दूध ठिवलं व्हतं. त्यानं बादली उचलली आन् सगळी चुलीवर वतली. दुधावर, इस्तवावर, समद्यावर. मला असा राग आला. झारा घेतला आन् त्याच्या मागं पळाले. शिव्या देत. बाकड्यावरची मानसं तमाशा बघायला माझ्या मागं आली. तो मागं मागं जाई आन् मला म्हने, मार, भाबी, अजून इकडं येऊन मार. रस्त्यापर्यंत आनलं मला त्यानं. मंग म्हनला, रिक्षा ऱ्हायली."

ती थांबली. 

"रिक्षा टपरीच्या पल्याड व्हती. तो वळला. आवाज लई मोठा झाला न्हाई, गुरुजी. वली माती, बसल्यासारखा झाला. मी झारा धरून उभी व्हते."

खांब टपरीवर पडला आणि टपरीच्या पुढे रिक्षावर. बाकड्यावरच्या एकालाही खरचटलं नाही. लागलं ते एकट्या गफूरभाईला.

त्याच्या मयतीचा पुकारा मशिदीतून झाला. कुणा तरुण मुलानं केला. नाव घेतलं ते यादीतून वाचल्यासारखं. गावात पुष्कळांना वाटलं ही थट्टा आहे. जनाज्याला माणसं थोडीच होती.

मी पाटीवर नंतर गेलो. व्यंकटराव भेटले, त्यांचा धाकटा भाऊ भेटला, टपरीवर बसणारे भेटले. 'जमिनीला' की 'जमीन', ते वाक्य कुणाचं होतं, त्यानं काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं होतं, सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग व्यंकटराव म्हणाले, "गुरुजी, मेलेल्याची बाजू घ्यायची तुमची रीत चांगली हाय." कुणीही विश्वास ठेवला नाही. रुक्मिणबाई तेवढी माझ्याकडे बघत राहिली, आणि तिनं मला चहा दिला नाही.

आता राहिलं शेवटचं. त्या दिवशी, खांब पडण्याआधी, मी त्याला पाहिलं होतं.

एस.टी. पाटीवर थांबली नाही, वेग कमी करून पुढे निघाली. खिडकीच्या काचा पावसामुळे लावलेल्या होत्या. तो रस्त्याच्या कडेला उभा होता. पठाणी कडक इस्त्रीचा, दाढीला ताजी मेंदी. हातात माईक नव्हता. भोंगे भिजून बंद पडले असावेत. एक हात वर करून, तोंड उघडून तो गाडीकडे बघत काहीतरी मोठ्यानं म्हणत होता. काचेतून ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. त्याच्या मागे तो खांब. त्या वेळी, चालत्या गाडीतून, मला तो पहिल्यांदा कललेला दिसला.

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "लागणार न्हाई." सगळी गाडी हसली.

त्याची नजर माझ्या खिडकीवर आली. मी हसत होतो.